दिवे घाट, एकादशी आणि लांबलेला पाऊस

२०२३ च्या जून महिन्यात मी पहिल्यांदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सारी वाट पायी चालले. त्या वर्षी पाऊस लांबला होता. ८ जूनला केरळात पोचलेला मोसमी वारा ११ तारखेला रत्नागिरीपर्यंत आला आणि पुढे जवळजवळ दोन आठवडे तिथेच अडखळून राहिला. अरबी समुद्रात तेव्हा बिपरजॉय चक्रीवादळ घोंघावत होते. त्याच ११ तारखेला आळंदीहून माउलींच्या पालखीने प्रस्थान ठेवले. म्हणजे मी ज्या गावाकडून निघून आले होते तिथे सरी कोसळत होत्या आणि ज्या वाटेवर मला चालायचे होते तिथे आभाळ भरून येई, हवा दाटे, पण थेंब काही पडत नसे.

आमचे घर रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठी आहे. आंब्याचा हंगाम आटोपला, साटे वाळवून झाली आणि मी निघाले. दमट उकाडा मला नवा नव्हता, भर मे महिन्यात बागेत उभे राहून काम करण्याची सवय होती आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर चढण्याची आवडही होती. त्यामुळे सुमारे अडीचशे किलोमीटरच्या या वाटेची मला भीती वाटली नाही. पण अंगमेहनतीची सवय आणि वारीची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आळंदी ते पुणे या पहिल्याच मजलेत समजले. मी डोंगरावर चालते तशी झपझप पुढे जाई, मग दिंडीसाठी थांबे, पुन्हा पुढे जाई. संध्याकाळी डोके ठणकू लागले, मळमळ सुटली आणि पायांत गोळे आले.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावर तुळस, नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. त्यांनी मला मीठ-साखरेचे पाणी दिले आणि म्हणाल्या, "लेकी, टाळाच्या म्होरं पाय टाकू नगं. अभंग म्हणताना दम लागला, की समज चाल चुकली." मला चालण्याविषयी आजवर मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला आहे. दिंडीत अभंग म्हणत, टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडते, आणि जो गाऊ शकतो तो आपल्या ताकदीबाहेर चालत नसतो. गाणे थांबले की कुणाला सांगावे लागत नाही, पाय आपोआप मंदावतात. घड्याळ किंवा नाडी मोजण्याचे यंत्र हातात नसतानाही हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या या उकाड्यात सुखरूप चालत आली, त्याचे एक कारण मला या ठेक्यात दिसते.

त्या सल्ल्याची खरी परीक्षा १४ जूनला होती. पुणे ते सासवड ही वाटेतली सर्वांत मोठी मजल, जवळजवळ तीस किलोमीटरची. त्यातच दिवे घाट, आणि त्या दिवशी योगिनी एकादशी असल्यामुळे उपास. पहाटे अंधारातच आम्ही निघालो. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणीकडे वळली आणि माउलींची सासवडच्या रस्त्याला लागली. वडकी मागे पडेपर्यंत ऊन चढले होते. घाटाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, तर साऱ्या नागमोडी वळणांवर भगव्या पताका आणि पांढऱ्या टोप्यांची एकच सलग ओळ हलत होती. जवळच मस्तानी तलाव होता आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता.

माउलींचा रथ घाट चढतो तेव्हा नेहमीच्या बैलजोडीला आणखी जोड्या जुंपतात. आमची दिंडी रथामागची असल्याने मला तो चढ दुरूनच दिसत होता, पण रथ वळण घेई तेव्हा वरून खालपर्यंत "ज्ञानोबा-तुकाराम"चा गजर उतरत येई आणि आपण चढतो आहोत हे क्षणभर विसरायला होई. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. चोळी, लुगडे, डोक्यावरचा पदर, सारे पिळून काढावे इतके भिजले होते. तरीही मला त्या चढावर एका क्षणीही थांबावेसे वाटले नाही. दर वळणावर दरी अधिक उघडी होत होती, पुण्याकडची वस्ती धूसर होत मागे जात होती आणि माझा श्वास टाळाशी जुळलेला होता. मी सह्याद्रीतले पुष्कळ घाट चढले आहे, पण इतक्या सावकाश आणि इतक्या आनंदाने एकही चढले नव्हते. माथ्यावर झेंडेवाडीला विसावा झाला आणि तिथे पहिल्यांदा वाऱ्याची झुळूक अंगाला लागली. भिजलेल्या कापडावरून ती गेली तेव्हा अंगावर काटा आला.

त्या झुळुकीचे मोल कळायला घाम काय करतो ते ठाऊक असावे लागते. घाम नुसता निथळला तर शरीर थंड होत नाही, तो वाळला तरच होते. आणि हवेतच ओलावा भरलेला असला की तो वाळत नाही. म्हणून दमट हवेत तापमान फार नसतानाही माणूस कोरड्या उन्हापेक्षा लवकर थकतो, मीठ आणि पाणी मात्र अंगातून जातच राहते. वारकरी हे शास्त्राच्या भाषेत सांगत नाहीत, पण त्यांची प्रत्येक रीत त्याला धरून असते. मोठी मजल पहाटे उरकायची, दुपारचा विसावा झाडाखाली घ्यायचा, सुती आणि सैल कापड घालायचे, उपरणे भिजवून मानेवर टाकायचे आणि विसाव्याला टेकताच ते झटकून वारा घ्यायचा. आजी तहान लागण्याची वाट पाहत नसत. दर विसाव्याला दोन-चार घोट पाणी पीत आणि जेवताना चिमूटभर मीठ जास्त घेत. ओल्या कापडाने मांड्या सोलवटू नयेत म्हणून सकाळीच खोबरेल चोळायचे, आणि मुक्कामाला पोचल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच आडवे व्हायचे, हेही त्यांनीच शिकवले. ज्या दिवशी मी कंटाळून पाय ओले ठेवून झोपले त्याच्या दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला.

मी घरून कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या नेल्या होत्या. आगळात मीठ असतेच. मोठ्या पातेल्यात पाणी, आगळ, गूळ आणि जिऱ्याची पूड घालून मी दुपारच्या विसाव्याला सरबत करू लागले. परभणीकडच्या बायकांनी पहिल्या दिवशी तो लालभडक रंग पाहून पेला जरा लांबच धरला. तिसऱ्या दिवशी माझ्याआधी पातेले घासून ठेवलेले असे. गावोगावचे लोक ताक, लिंबूपाणी, केळी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असत, आणि प्रत्येकजण "माउली, थोडे घ्या" म्हणून हात पुढे करी.

सासवडनंतर जेजुरी, मग वाल्हे. जेजुरीत उधळलेला भंडारा घामाच्या अंगावर असा बसला की दोन दिवस निघाला नाही. नीरेच्या दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते, आणि त्यानंतर हजारो माणसे त्या पाण्यात उतरतात. गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून मी डोळे मिटले, तेव्हा अनेक दिवसांचा उकाडा पायांच्या तळव्यांतून उतरून जातो आहे असे वाटले. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले आणि माउलींचा अश्व समोरून दौडत गेला.

फलटणपुढे पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. ढग येतात, सावली देऊन निघून जातात, आणि सावली सरली की डांबर पुन्हा तापते. या वाटेला पूर्वी दोन्ही बाजूंनी जुने वड होते, असे बरोबरचे वारकरी वारंवार सांगत. पालखी मार्ग चौपदरी करताना त्यांतले कितीतरी तोडले गेले. रस्ता रुंद झाल्याने गर्दीची चेंगराचेंगर कमी झाली हे मला मान्य आहे, पण दुपारी एकच्या सुमाराला उघड्या दुभाजकाशेजारून चालताना वाटे, की वारीला रुंदीइतकीच सावलीचीही गरज आहे. नवी रोपे लावलेली दिसली. चालणाऱ्यावर सावली धरण्याइतकी ती मोठी होईपर्यंत तरी जुने उरलेले वड कुणी तोडू नयेत, असे मला मनापासून वाटते. त्या दिवसांत जिथे एखादा वड शाबूत होता तिथे तीन-तीन दिंड्या एकत्र विसावत आणि तिन्हींचे भजन एक होऊन जाई.

याच टप्प्यावर माझ्या ध्यानात आले, की उकाडा तोच असूनही मला तो जड जात नाहीसा झाला आहे. शरीराला उष्ण हवेत रुळायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आता पहाटे तीनला राहुटीतून बाहेर पडताना अंग हलके वाटत असे, आणि दुपारची घामेजलेली चालही मला हवीशी वाटू लागली होती. रात्री वारा पडलेला असला की आम्ही राहुटी सोडून उघड्या शेतात पथारी टाकायचो. मातीत दिवसाची ऊब असे आणि दूर कुठे तरी कीर्तन चाललेले असे.

माळशिरसहून वेळापूरकडे जाताना खुडूस फाट्याला गोल रिंगण झाले. त्याच सुमारास, २५ जूनला, मोसमी पाऊस मुंबईला आणि दिल्लीला एकाच दिवशी पोचल्याची बातमी कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवली. पुढे धावाबावीचा उतार आला. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, म्हणून या उतारावर सारे धावतात. आजींनी तुळस दोन्ही हातांनी घट्ट धरली, माझ्याकडे पाहिले आणि धावल्या. मीही धावले. पताका, टाळ, पखवाज, सगळे एकाच वेळी उताराला लागले होते आणि माझा श्वास अजून शाबूत होता.

खाली पोचल्यावर आजींनी पदराने तोंड पुसले आणि विचारले, "तुझं ते तांबडं पानी हाय का गं?" दुसऱ्या बाटलीच्या तळाशी थोडे आगळ उरले होते. ते आम्ही दोघींनी वाटून घेतले.