जादा पत्रा जातो कुठे : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आमचे अण्णा पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत बंब, घंगाळी आणि हंडे घडवीत असत. सपाट पत्र्याला गोलाई देताना कडेला जो जादा धातू गोळा होतो, त्याची सोय आधी लावल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही, ही त्यांची पहिली शिकवण होती. आज अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात आमचे पाच माणसांचे वर्कशॉप घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी पंखांच्या रिब्ज (फासळ्या), बल्कहेड (धडातले आडवे पडदे) आणि स्पारचे, म्हणजे पंखाच्या कण्याचे, पन्हळीसारखे चॅनेल घडवून देते. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम आले आणि बंबाच्या जागी पंख आला, तरी जादा पत्र्याचा प्रश्न तोच राहिला.

मी पुण्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, भोसरीत एका प्रेस टूलच्या कारखान्यात काही वर्षे काढली आणि १९९८ साली टूल डिझायनर म्हणून विचिटाला आलो. क्लाइड सेसना यांनी १९२७ साली आपली कंपनी याच शहरात काढली होती. बीचक्राफ्ट आणि स्टिअरमन या विमान कंपन्यांची नावेही इथलीच. त्यामुळे इथे न्हाव्याच्या दुकानातही रिव्हेटवर चर्चा चालते. २००८ ची मंदी आली तेव्हा छोट्या विमानांच्या ऑर्डरी आटल्या, शहरभर नोकरकपात झाली आणि २००९ च्या उन्हाळ्यात माझीही नोकरी गेली. घराचा हप्ता चालू होता, मुले शाळेत होती, आणि हातात विद्या होती ती एवढीच की पत्रा कसा वाकतो ते ठाऊक होते. एक जुना ब्रेक (पत्रा वाकवण्याचे यंत्र), एक शिअर (पत्रा कापण्याचे यंत्र) आणि भाड्याची शेड एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. हिशेब आणि पत्रव्यवहार पत्नीने सांभाळला, आणि तो आजही तीच सांभाळते.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे गव्हाची शेती करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, आणि ते धान्याच्या कोठारात थॉर्प टी-१८ हे दोन आसनी विमान नकाशांवरून बांधत होते. जॉन थॉर्प यांचे हे डिझाइन १९६० च्या दशकातले असून पहिले टी-१८ विमान १९६४ साली उडाले; पुढे १९७६ साली डॉन टेलर यांनी आपल्या टी-१८ मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि घरी बांधलेल्या विमानाने केलेली ती पहिली प्रदक्षिणा होती. आमच्या शेतकरी गिऱ्हाइकाला जगभर फिरायचे नव्हते. त्यांच्या स्वतः ठोकलेल्या रिब्जना नाकापाशी, म्हणजे पुढच्या गोल टोकाला, चिरा जात होत्या, एवढीच त्यांची अडचण होती. मी त्यांना एका पंखाच्या रिब्ज करून देण्याचे कबूल केले, आणि त्या पहिल्याच ऑर्डरीत सपशेल आपटलो.

त्याचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे. विमानाच्या सांगाड्याला बहुतेक ठिकाणी वापरतात तो पत्रा २०२४-टी३ नावाचा असतो (हे वर्ष नव्हे, मिश्रधातूचा क्रमांक आहे). त्यात साधारण साडेचार टक्के तांबे असते आणि गंजू नये म्हणून दोन्ही बाजूंना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटलेला असतो. हा पत्रा ताकदीला चांगला, पण वाकवायला हट्टी असतो. जाडीच्या किमान तीन ते चार पट त्रिज्या दिली नाही, तर घडीच्या बाहेरच्या अंगाला तो फाटतो. शिवाय लाटताना धातूचे कण ज्या दिशेला लांबतात त्या दिशेला घडी आडवी पडली पाहिजे. समांतर पडली तर चीर जाण्याचा संभव बराच वाढतो. पैसे वाचवण्यासाठी मी एका विक्रेत्याकडून उरलेसुरले तुकडे घेतले होते. पूर्ण पत्र्यावर छापलेल्या अक्षरांच्या ओळींवरून लाटण्याची दिशा कळते, पण तुकड्यांवर छपाई नव्हती, आणि विक्रेत्याने सांगितलेली दिशा मी तपासून न पाहता मान्य केली. रिब्ज दिसायला देखण्या झाल्या. दहापट भिंगाखाली पाहिल्यावर अकरा रिब्जच्या घडीवर केसाएवढ्या चिरा दिसल्या. सगळ्या भंगारात गेल्या. त्यातली एक मी खिळ्याला टांगून ठेवली आणि ती अजून दाराशेजारी आहे. तेव्हापासून आम्ही पूर्ण पत्राच घेतो आणि रिब आडव्या मांडून कापतो. त्यात पत्रा जास्त वाया जातो, आणि आमचे दर काहींना महाग वाटतात ते याचमुळे.

रिब म्हणजे पंखाचा उभा छेद; त्याच्या कडेने साधारण पाऊण इंचाची पट्टी काटकोनात वळवलेली असते, तिला फ्लँज म्हणतात आणि पंखाचे कातडे तिच्यावर रिव्हेटने बसते. सरळ रेषेत घडी घालणे कोणालाही जमते. पंखाचा आकार वक्र असल्यामुळे वळवलेल्या पट्टीची बाहेरची कड सपाट असतानापेक्षा आखूड व्हायला हवी, आणि धातू तर मूळ लांबीचाच असतो. तो जादा धातू मग लाटांसारखा फुगतो आणि सगळी रिब केळ्यासारखी वाकते. त्यावर उपाय म्हणजे दोन रिव्हेटांच्या मधल्या जागेत फ्लँजला छोट्या चुण्या पाडायच्या. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना पारीचा घेर जसा आवळत जातो, तसा इथे पट्टीचा घेर आवळतो आणि रिब टेबलावर सपाट बसते. चुणी नेमकी रिव्हेटच्या जागी आली तर कातडे नीट टेकत नाही, म्हणून आधी रिव्हेटांची आखणी करायची आणि मगच चुण्यांची. वजन कमी करण्यासाठी रिबच्या पोटात जी मोठी भोके पाडतात, तिथे उलटा मामला असतो: भोकाची कड वळवताना धातू ताणला जातो, आणि कडेचा बर (कापताना उरलेली धारदार कोर) कानशीने काढून ती गुळगुळीत केलेली नसेल तर तिथून तडा सुरू होतो. आखणीसाठी आमच्याकडे टोकदार सुई किंवा शिसपेन्सिल वापरायला सक्त बंदी आहे, कारण सुईचा ओरखडा तड्याला वाट करून देतो आणि पेन्सिलीतले ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला गंज आणते. मार्कर पेनशिवाय दुसरे काही पत्र्याला लागत नाही.

दोन घड्यांच्या चॅनेलमध्येही हाच हिशेब वेगळ्या रूपात येतो. ०.०३२ इंच जाडीच्या पत्र्याला पाव इंचाच्या निम्म्या त्रिज्येने काटकोनी घडी घातली, तर त्या वळणात पत्रा सुमारे ०.२१९ इंच खपतो, आणि बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून तुकडा कापला तर दर घडीला जवळजवळ ०.०९५ इंच जास्त येतो. दोन घड्यांत तो फरक ०.१९ इंच होतो. स्वतः विमान बांधणारे अनेक जण पहिला चॅनेल इथेच वाया घालवतात. ते सांगायला आमच्याकडे येतात तेव्हा थोडे ओशाळलेले असतात, आणि मी त्यांना दाराशेजारची रिब दाखवतो.

सुरुवातीची तीन वर्षे आम्ही लाकडी ठोकळ्यांवर हातानेच काम केले. मेपलच्या लाकडाचा किंवा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचा) ठोकळा रिबच्या आकाराचा कापायचा, कडेला त्रिज्या द्यायची, आणि पत्रा ठोकल्यावर थोडा मागे उघडतो म्हणून ठोकळ्याची बाजू पाच अंश आत तासायची. पत्रा दोन ठोकळ्यांत पिनांनी आवळायचा आणि मोगरीने हळूहळू, कडेने फिरत वळवायचा. २०१२ साली आम्ही १५० टनांचा जुना हायड्रॉलिक प्रेस घेतला आणि त्याला जाड रबराचा पॅड बसवला. कॅलिफोर्नियात डग्लस कंपनीत हेन्री गेरिन यांनी १९३० च्या दशकात बसवलेली ही पद्धत आहे: खाली एकच ठोकळा, त्यावर पत्रा, आणि वरून येणारे रबर पत्र्याला सगळ्या बाजूंनी दाबते, त्यामुळे वरच्या डायचा खर्चच उरत नाही. १० बाय २४ इंचांच्या पॅडवर १५० टन पडले की चौरस इंचाला सुमारे १,२५० पौंड दाब मिळतो. पातळ रिबला तो पुरतो. जाड बल्कहेडच्या कोपऱ्यात मात्र मोगरी लागतेच.

त्याच वर्षी अण्णा आमच्याकडे दोन महिने राहायला आले. वर्कशॉपमध्ये आल्यावर त्यांनी काही न बोलता मोगरी घेतली, ठोकळ्यावरच्या रिबला दहा-बारा ठोके दिले, बोटाने कड चाचपली आणि म्हणाले, "अरे, हा पत्रा सांगितलेलं ऐकतो, पण पाठ वळली की विसरतो." पत्र्याच्या मागे उघडण्याचे इतके नेमके वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही. मग ते म्हणाले की याला तापवून पाण्यात का बुडवत नाहीस. तांबे लाल करून पाण्यात टाकले की मऊ होते आणि मठारकामाने पुन्हा कडक होते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. मी म्हटले, "अण्णा, हाही बुडवला की मऊ होतो, पण नंतर कोणी न ठोकता आपोआप कडक होतो." त्यांना ते पटले नाही. दोन वर्षांनी, २०१४ साली, आम्ही छोटी विजेची भट्टी बसवली. ते पुन्हा आले होते, तेव्हा मी त्यांच्या हातात नुकताच पाण्यातून काढलेला तुकडा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तुकडा पुन्हा दिला. त्यांनी तो गुडघ्यावर वाकवून पाहिला, परत माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "रात्रीत शहाणा झाला की रे."

हा शहाणपणा जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात १९०६ साली आला होता, आणि त्यातूनच पुढे ड्युरॅल्युमिन तयार झाले. आमच्या रोजच्या कामात त्याचा अर्थ असा की खोल आकाराचे भाग मऊ स्थितीतल्या पत्र्यातून ठोकायचे, ४९३ अंश सेल्सिअसला तापवायचे, भट्टीतून काढल्यावर काही सेकंदांत पाण्यात बुडवायचे, त्यात जी वाकडीतिकडी होते ती पहिल्या अर्ध्या तासात सरळ करायची आणि मग चार दिवस हात लावायचा नाही. तापमानाची चूक इथे माफ होत नाही, कारण ५०२ अंशांच्या आसपास या मिश्रधातूतला काही अंश वितळू लागतो आणि घडवलेला भाग कायमचा निकामी होतो, बाहेरून मात्र काहीही दिसत नाही. फार वेळ किंवा पुन्हापुन्हा तापवले तर आतले तांबे वरच्या शुद्ध थरात झिरपते आणि गंजापासूनचे संरक्षण जाते. म्हणून दर भट्टीबरोबर त्याच पत्र्याची एक पट्टी आम्ही तापवतो आणि ती प्रयोगशाळेत ओढून तोडून घेतो. अर्ध्या तासात काम उरकणार नसेल तर बुडवलेले भाग डीप फ्रीझरमध्ये ठेवतो. थंडीत कडक होण्याची क्रिया मंदावते आणि आणखी एखादा दिवस हाताशी मिळतो. कॅन्ससमध्ये घरोघर असा फ्रीझर हरणाच्या मांसासाठी असतो, त्यामुळे नवे गिऱ्हाईक झाकण उघडून रिब्ज पाहते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

धंद्याची घडी मात्र वेगळ्याच कारणाने बदलली. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे हौशी बांधणीचे विमान म्हणून मान्यता हवी असेल, तर बांधकामाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, केलेला असावा लागतो; बोलीभाषेत त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. एका डॉक्टरांनी आम्हाला अख्खा पंख तयार करून मागितला आणि रक्कमही मोठी सांगितली. त्या वर्षी आम्हाला ती रक्कम फार उपयोगी पडली असती, तरी आम्ही नाही म्हटले, कारण त्यांच्या कामाच्या नोंदवहीत पंखाच्या पानांवर आमचे हात दिसले असते. त्यांनाच आम्ही शनिवारी वर्कशॉपमध्ये बोलावले, ठोकळा आमचा आणि मोगरी त्यांच्या हाती दिली. तेव्हापासून शनिवार हा आमचा शिकवणीचा दिवस झाला आणि ठोकळे भाड्याने देणे हे उत्पन्नाचे एक मोठे साधन बनले. २०१५ पासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गाडीत ठोकळे भरून १,२०० किलोमीटरहून लांब ऑशकॉशच्या मेळाव्याला जातो. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली स्थापन केलेल्या हौशी विमानबांधकांच्या संघटनेचा हा मेळावा १९७० पासून तिथे भरतो, आणि आमची निम्मी ओळखदेख तिथल्या गवतावर झालेली आहे.

भारतातून चौकशा येऊ लागल्या त्या २०१६ नंतर. मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान त्या वर्षी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि दादाने पुण्याहून त्याचे कात्रण पाठवले. विद्यार्थ्यांची पत्रे येतात त्यांना मी ठोकळ्याचे माप आणि घडीचा हिशेब मराठीतच लिहून पाठवतो.

२०२३ साली घरी जोडायच्या विमानांचे संच विकणाऱ्या एका मोठ्या किट कंपनीच्या लेसरने कापलेल्या पत्र्यांत, डिंपल (रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे म्हणून भोकाभोवतीचा खळगा) पाडताना भोकांच्या कडेला तडे जातात असे उघड झाले, आणि आमचा फोन काही महिने थांबला नाही. लेसर ज्या बिंदूवर कापायला सुरुवात करतो आणि थांबतो तिथे बारीकशी खाच राहते, आणि डिंपलने भोक ताणले की तडा त्याच खाचेतून निघतो. त्या काळात आम्हाला कामे मिळाली हे खरे असले, तरी ज्यांचे दोन-दोन वर्षांचे रिव्हेट काढावे लागले त्यांच्याशी बोलताना कामाचा आनंद वाटत नव्हता. आम्ही भोके आधी लहान पाडून रीमरने (भोक कातून रुंदावणाऱ्या हत्याराने) मापाला आणतो. वेळ तिप्पट लागतो.

पहिल्या शेतकरी गिऱ्हाइकाचे टी-१८ अखेर २०१६ साली उडाले. सध्या त्यांचा नातू शनिवारी येतो आणि शेपटीचे बल्कहेड ठोकतो आहे. परवा त्याने पाच भाग भट्टीतून काढून बुडवले आणि तिघांनी मिळून ते सरळ केले. शुक्रवारपर्यंत ते फळीवर पडून राहतील, आणि फळीवर पत्नीच्या अक्षरात "हात लावू नये" अशी मराठी पाटी आहे, ती आता इथल्या सगळ्यांना वाचता येते.