भुतांची शाळा: क्षमता, खुणा आणि अमावास्येची परीक्षा

‘भुतांची शाळा’ या आमच्या भूमिका-खेळाच्या (रोलप्लेइंग गेमच्या) नियमांत या टप्प्यात क्षमता आणि वाढीचं गणित पक्कं झालं. मांडणी तीच आहे: वेताळाच्या देखरेखीखालची कोकणातली शाळा, आणि विद्यार्थी म्हणजे मुंजा, चकवा, हडळीची लेक आणि आसरांच्या डोहातली पोर. खेळाडू चार, गोष्ट चालवणारा सूत्रधार एक, आणि प्रत्येक कृतीला दोन सहापैलू फासे अधिक क्षमता. बेरीज ६ किंवा कमी आली तर बेत फसतो. ७ ते ९ ला काम होतं पण किंमत मोजावी लागते, १० किंवा जास्तला निखळ यश. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या भूमिका-खेळापासून रुळलेला हा साचा आम्ही तसाच ठेवला. नव्या खेळाडूला तो दोन मिनिटांत समजतो आणि सगळं लक्ष भुतांकडे राहतं.

क्षमता चारच: बळ, चपळाई, नजर, माया. आधीच्या मसुद्यात सहा होत्या. पण ‘शहाणपण’ लावायचं की ‘नजर’ यावर दर दोन फाशांमागे वाद व्हायचा, आणि चार खेळाडूंत सहा क्षमता वाटल्या की दोन कुणाच्याच हुकमी राहत नाहीत. आता सुरुवातीला +२, +१, ० आणि −१ असे चार आकडे वाटायचे. +२ भुताच्या जातीच्या स्वभावावर बसतो, −१ वर्मावर; मधले दोन खेळाडूने ठरवायचे.

मुंजाचा स्वभाव चपळाई. वर्म नजर, कारण पिंपळापलीकडचं जग त्याने पाहिलेलंच नाही. चकव्याचा स्वभाव माया. वर्म बळ, कारण त्याला धड देह नाही. हडळीची लेक बळकट, पण पावलं उलटी, म्हणून वर्म चपळाई. आसरांच्या पोरीची नजर तेज आणि माया कच्ची. चौघांची वर्मं वेगवेगळी ठेवली की एकाचं अडलं तर दुसऱ्याला पुढे व्हावंच लागतं.

कमाल मर्यादा: स्वभावाला +३, मधल्या दोघांना +२, वर्माला ०. +३ वर का थांबायचं ते आकड्यांतच दिसतं. क्षमता ० असताना फसण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के, +१ ला २८, +२ ला १७, +३ ला ८. +४ दिला तर ती ३ टक्क्यांखाली जाते. मग फासे टाकणं नुसता उपचार उरतो, आणि सूत्रधार अडचणी फुगवून भरपाई करू लागतो.

वाढ फसण्यातून होते. ६ किंवा कमी आले की त्या क्षमतेपुढच्या चौकटीत पेन्सिलीने एक खूण. मात्र एका सेशनमध्ये (खेळाच्या एका बैठकीत) एका क्षमतेला एकच खूण, आणि प्रत्येकीत साठून एकूण तीनच्या वर नाही. याच साच्यातल्या ‘डंजन वर्ल्ड’ या खेळातही फसल्यावर अनुभवगुण मिळतो, पण तिथे सगळे गुण एकाच गंगाजळीत जातात. शाळेच्या खेळात ते खटकतं. भिंत चढताना पडलेल्या पोराची माया का वाढावी?

खुणांचा रोकडा होतो अमावास्येला. एक सेशन म्हणजे एक पक्ष, दोन सेशन म्हणजे एक महिना. आपल्याकडे महिना अमावास्येलाच संपतो, त्यामुळे महिनाअखेर आणि परीक्षा आपोआप जुळतात. वर्ष श्रावण ते फाल्गुन: सोळा सेशन, आठ परीक्षा. भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या ही दुसरी परीक्षा. तिला घरोघरी पितरांचं श्राद्ध असतं, म्हणून ती शाळेबाहेर, माणसांच्या वस्तीत घ्यायची.

परीक्षेत एकच क्षमता निवडायची, आणि तीही किमान एक खूण असलेली. दोन फासे अधिक खुणा. लक्ष्य: −१ वरून ० ला जाताना ७, ० वरून +१ ला ९, +१ वरून +२ ला ११, +२ वरून +३ ला १३. पास झालं की त्या क्षमतेच्या खुणा पुसायच्या; नापास झालं तर राहू द्यायच्या. तिन्ही खुणा हाताशी असतील तर पास होण्याची शक्यता अनुक्रमे ९२, ७२, ४२ आणि १७ टक्के.

उदाहरण घ्या. मुंजाचं बळ ०. श्रावणात विहिरीचा दगड हलवताना एक खूण, भाद्रपदात रेड्याला अडवताना दुसरी. सर्वपित्रीला फासे ४ आणि ३, अधिक २ खुणा, बेरीज ९. बळ +१. खुणा पुसल्या, आता पुढचं लक्ष्य ११.

एकाच क्षमतेची अट काढू नका. कच्च्या क्षमतेत फसणं जास्त, म्हणजे खुणाही जास्त. सगळ्या क्षमतांना परीक्षा दिली की माघापर्यंत चारही पोरं एकाच साच्यातली दिसू लागतात. अटीमुळे निवड खरी होते. कुणी आठही परीक्षा शक्य तितक्या खुणांनिशी (पहिलीला दोन, पुढे तीन) +३ च्या मागे घालवल्या तर ते मिळण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, पण बाकी तीन क्षमता जिथल्या तिथे. सर्व बाजूंनी वाढणाऱ्याच्या पदरात वर्षात साधारण चार वाढी पडतात.

दुसरा धोका खुणा गोळा करण्याचा. खेळाडू उगाच निरुपद्रवी जागी कच्ची क्षमता वापरून फासे मागतो. ‘रनक्वेस्ट’ या खेळातल्या (१९७८) वापरातून वाढणाऱ्या कौशल्यांपासूनची ही ओळखीची खोड. उपाय सूत्रधाराच्या हाती: फासे उचलण्याआधी फसल्यास काय होईल ते मोठ्याने सांगायचं. सांगण्यासारखं काही नसेल तर फासे नाहीत, काम तसंच झालं.

विद्या, म्हणजे भुतांच्या खास करामती, क्षमतांपासून वेगळ्या ठेवल्या. प्रत्येकीच्या तीन पायऱ्या: पाहिली, जमली, मुरली. पाहिलेल्या विद्येला बेरजेत −१. जमलेलीला काही नाही. मुरलेलीला सेशनमध्ये एकदा दोनपैकी एक फासा पुन्हा टाकता येतो. पाहिलेली जमायला गुरू किंवा ती येणारा सोबती आणि एक पूर्ण पक्ष लागतो. मुरायला तीन वेगळ्या ठिकाणी वापर, त्यात एकदा तरी १० किंवा जास्तचा निकाल. चकव्याची ‘वाट फिरवणं’ ही विद्या रानात, बाजारात आणि शाळेच्या आवारात चालली पाहिजे. त्याच पाणंदीत तीनदा फिरवली तर एकदाच धरायची.

नोंदीला ए-४ कागदाचा चौथा भाग पुरतो. चार ओळी, प्रत्येकीपुढे आकडा आणि तीन चौकटी, खाली विद्या. वर्माच्या आकड्याभोवती गोल करून ठेवा, नाहीतर पौषापर्यंत मर्यादा विसरली जाते.

मदतीचा नियम अजून चाचणीत आहे. सध्या मदतनीस +१ देतो, आणि बेत फसला तर खूण फक्त करणाऱ्याला. त्यामुळे −१ वाला कधीच मदत घेत नाही, कारण त्याला फसण्यातच फायदा दिसतो. पुढच्या मसुद्यात मदत घेऊन फसल्यास दोघांनाही खूण देऊन पाहणार आहोत. मदतनीसाची खूण त्याने ज्या क्षमतेने हात दिला तिच्यात, आणि सेशनला एकच ही अट त्यालाही लागू.