तुम्ही विचारलंत म्हणून: बीपी नाही, तर मीठ कशाला कमी करायचं?

आमचं उपकेंद्र दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खाऱ्या पट्ट्यात. तिथं बीपी मोजायला बसले की आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकते : "मॅडम, मले त बीपी नाई. मंग मीठ कायले कमी करू?" विचारणारा बहुतेक तिशी-चाळिशीतला, अंगानं काटक, नुकताच 118/76 आकडा आल्यामुळं खुशीत. मागं रांग असते, म्हणून "जरा कमीच बरं, भाऊ" एवढं बोलून मी सुटते. ते उत्तर माझं मलाच पटत नाही. तेव्हा आज सावकाश सांगते.

आधी तुमच्या बाजूचं. तुमचा आकडा फारसा हलणार नाही. 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 34 प्रयोगांचा एकत्र हिशेब आला होता. महिनाभर किंवा त्याहून जास्त दिवस रोजचं मीठ साधारण साडेचार ग्रॅमनं कमी केलं, तर बीपीवाल्यांचा वरचा आकडा पाचेकनं उतरला आणि बीपी नसलेल्यांचा अडीचच्या आसपास. तुम्ही सायकल मारत आलात आणि मी लगेच पट्टा बांधला, तर याहून जास्त फरक दिसतो. शिवाय ही झाली सरासरी. मिठानं एकाचं बीपी चढतं, दुसऱ्याचं तितकं चढत नाही, आणि कोण कुठला हे ओळखणारी साधी तपासणी उपकेंद्रात होत नाही.

मग मी तरी का सांगते? लग्नाच्या पंगतीत जेवून आलात की रात्री दोनदा माठाकडं उठावं लागतं ना? मिठातलं सोडियम पाणी धरून ठेवतं. रक्तातलं पाणी वाढतं, नळ्यांवर जोर येतो. किडनी ठणठणीत असली की दोन-चार दिवसांत जास्तीचं बाहेर काढते, म्हणून तुमचा आकडा आज सरळ दिसतो. पण ही पंगत रोजची असली तर ते काम तिला रोजच करावं लागतं, आणि वय वाढलं की नळ्या ताठर होतात, किडनीचीही ताकद उतरते. 1988 च्या इंटरसॉल्ट अभ्यासात 32 देशांतल्या 52 ठिकाणी दहा हजारांवर माणसं तपासली होती. ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामींसारखे जे लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत, त्यांचं बीपी वयाबरोबर फारसं चढलेलं नव्हतं. आता ते लोक सडपातळ, दिवसभर चालणारे, दारूपासून लांब. तेव्हा सगळं श्रेय मिठाच्या अभावाला देऊ नका. पण "वय झालं की बीपी येतेच" हे आपण गृहीत धरतो, ते तितकंसं खरं नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपल्याकडं ज्वारीची भाकर बिनमिठाची, ती निर्दोष. मीठ असतं चुनात म्हणजे पिठल्यात, ठेच्यात, लोणच्यात, पापड-कुरडयांत, बसस्टँडवरच्या शेव-चिवड्यात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताटात वरून घेतलेल्या चिमटीत.

आता आपल्या भागाची गोष्ट, जी शहरातल्या सल्ल्यांत नसते. आपलं बोअरचं पाणीच खारं. शहानूर धरणाचं गोडं पाणी नळाला नसलं की लोक पुन्हा त्यावरच येतात. भारतीय मानकांत पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागं 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं असं आहे. दुसरी सोयच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. ते सगळं मिठाचंच आहे असं धरलं, तर 1000 म्हणजे लिटरला दीड ग्रॅमहून जास्त मीठ. वैशाखात चार लिटर प्यालात की भाजीला हात लावण्याआधीच सहा ग्रॅम पोटात. हिशेब इतका सरळ नाही, कारण खाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं. तरी पाण्याच्या चवीकडं दुर्लक्ष करून नुसत्या भाजीतलं मीठ मोजणं मला अर्धवट वाटतं.

आणि घाम? 45 अंशांत वखरणी करणाऱ्याच्या सदऱ्यावर पांढरे डाग पडतात, ते मीठच. त्या माणसाला मी मे महिन्यात "मीठ सोडा" म्हणत नाही. मीठ घातलेलं ताक प्या म्हणते. पण तोच माणूस पावसाळ्यात पारावर बसून तेवढाच खारा चिवडा खातो, तेव्हा मात्र बोलते.

सैंधवाचंही विचारता. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, वर सहसा आयोडीन नसतं. कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या 600 खेड्यांतल्या अभ्यासात त्यानं पक्षाघात कमी झाले, हे 2021 साली छापून आलं. पण किडनीचा त्रास असलेल्याला, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्याला, तेच पोटॅशियम धोक्याचं. आपल्या पट्ट्यात किडनीचे पेशंट मी रोज पाहते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ कुणालाही सुचवत नाही.

घरात किती मीठ खपतं ते कळायला एक सोपी युक्ती आहे. एक किलोची पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख टाकायची. उपकेंद्राशेजारच्या वहिनींनी टाकली. पाच माणसं, पुडी 24 दिवसांत संपली; माणशी रोजचं आठ ग्रॅमहून जरा जास्त. मग त्यांनी ताटातलं मीठ बंद केलं, ठेच्यातलं आवरलं. सासऱ्यांनी दोन आठवडे भाजी "मातीवानी" म्हणून नावं ठेवली, मग गप्प झाले, जीभ सरावते. पुढची पुडी 31 दिवस पुरली. तिसऱ्या पुडीचं काय झालं म्हणून मी कौतुकानं विचारायला गेले, तर बारा दिवसांत खलास.

"आंबे आले न मॅडम," वहिनी म्हणाल्या, आणि फडक्यानं तोंड बांधलेली बरणी दाखवली.