उन्हात उभी राहणारी गाडी आणि सिंकखालचा ट्रॅप

कॅम्पर व्हॅन बांधून घेणारी मंडळी सोलर पॅनल किती वॅटचं, फ्रिज कुठला, बेड कसा फोल्ड होतो यावर तासन् तास बोलतात, पण सिंकखाली ट्रॅप, म्हणजे पाणी खाली जाऊ देणारा पण खालचा वास वर येऊ न देणारा पाइपचा भाग, कुठला बसवायचा हे कुणी विचारतच नाही, आणि मग मे महिन्यात गाडीचं दार उघडलं की सडक्या अंड्यांचा वास अंगावर येतो आणि सगळे फिनेल ओतत बसतात. फिनेलनं तो वास जात नाही हो. तो येतो खालच्या सांडपाण्याच्या टाकीतून. भांड्याचं खरकटं, साबण, केस, तेल हे सगळं बंद टाकीत साचतं, हवा मिळत नाही, मग जंतू त्यातनं हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि उन्हानं टाकी तापली की हे काम अजून जोरात चालतं. घरात असला वास बाहेरच्या चेंबरमध्ये राहतो, गाडीत मात्र टाकी आणि आपली उशी यात चार-पाच फुटांचंच अंतर असतं. म्हणून माझं म्हणणं आहे की सगळ्यात आधी डोकं इथं लावा.

आपल्या घरात वास अडवतं ते पाणी. पाइपला वळण दिलेलं असतं, त्या वळणात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि खालची हवा वर येऊ देत नाही. ही युक्ती लई जुनी, 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीनं तसल्या वळणाच्या संडासाचं पेटंट घेतलं होतं, आणि आजही आपला पी ट्रॅप (वाकवलेला पाइप), बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा डबा), बाथरूममधला नहाणी ट्रॅप सगळे त्याच तत्त्वावर चालतात. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, घर हलत नाही आणि बेसिन रोज वापरलं जातं. गाडीत दोन्ही नसतात. तुळजापूरच्या घाटात वळणं घेताना, स्पीड ब्रेकरवर, जोरात ब्रेक मारल्यावर ट्रॅपमधलं पाणी उसळून पुढं टाकीत जातं. आणि गाडी उभी असली की अजून वाईट, कारण आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर असतंय, बंद गाडीत तर आत पन्नासच्या पुढं सहज जातं, त्यात ते एवढंसं पाणी किती टिकणार? उडून जातं, आणि टाकीचा रस्ता मोकळा होतो.

यावर जुना उपाय म्हणजे गाडी उभी करताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि वरनं थोडं लिक्विड पॅराफिन सोडायचं, तेलाचा थर वर राहतो आणि पाणी सावकाश उडतं. उपाय चांगला आहे, मी करायला सांगतो. पण गाडी हलली की तो थर पण गेला.

म्हणून मी बिनपाण्याच्या व्हॉल्व्हच्या बाजूनं आहे. यात सगळ्यात नावाजलेला हेपवो, मूळचा ब्रिटनमधल्या हेपवर्थ कंपनीचा, आता वाव्हिनकडं आहे. सरळ नळकांडं असतं, आत सिलिकॉनचा मऊ पडदा, पाणी आलं की उघडतो आणि पाणी थांबलं की ओठांसारखा मिटतो. खालनं गॅसचा दाब आला तर उलट अजून घट्ट बसतो. उडून जायला आत पाणीच नाही, त्यामुळं गाडी महिनाभर उभी राहिली तरी फरक पडत नाही. आणि मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो उंचीचा. शॉवर ट्रेच्या खाली गाडीत जागा नसते, पी ट्रॅप बसवायला चेसिसच्या खाली वळण लोंबकळत सोडावं लागतं आणि खराब रस्त्यावर दगड लागला की ते तुटतं. हा व्हॉल्व्ह आडवा बसतो. फक्त अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं ठेवायचा, खालची बाजू खालीच ठेवायची आणि मीटरला साधारण 20 मिलिमीटर उतार द्यायचा, सपाट बसवला तर घाण पडद्यावर साचून तो अर्धवट उघडा राहतो.

बॉटल ट्रॅप मी गाडीत सुचवणार नाही. गाडी बांधणारे तोच लावतात कारण तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि दिसायला छान, पण तळात गाळ बसतो आणि हलल्यावर सील, म्हणजे वास अडवणारं पाणी, जातं ते जातंच. तसंच फरशीच्या जाळीत बसवायचे स्वस्तातले कॉकरोच ट्रॅप येतात, कुणात चुंबकाची झडप, कुणात रबरी चोच. घरात चांगले आहेत. गाडीत झडप धक्क्यानं उघडझाप करते आणि एक केस किंवा वाळूचा कण अडकला की बंदच होत नाही, तेव्हा त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

किचनचं मात्र वेगळं बघायला पाहिजे. आपलं जेवण तेलाचं, शेंगाचटणीवरचं तेल, रश्श्याची तर्री, भाताची शितं, हे सगळं पडद्यावर चिकटतं. ताट आधी कागदानं पुसून घ्या, सिंकला बारीक जाळी ठेवा आणि मधूनमधून गरम साबणपाणी सोडा. पाइप तुंबला की आपल्याकडं लगेच ॲसिड ओततात नाहीतर तार घालतात, दोन्हींनी सिलिकॉनचं वाटोळं होतं. व्हॉल्व्ह हातानं खोलून धुवा.

आता हवेचं. बेसिन रिकामं होताना गुडगुड आवाज येत असेल तर पाइपला हवा मिळत नाही, आणि ती ओढ पाण्याच्या ट्रॅपमधलं सील खेचून नेते. यासाठी एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह मिळतो, ओढ बसली की हवा आत घेतो, बाकी वेळ बंद. तो आडव्या पाइपपेक्षा निदान चार इंच वर आणि उभाच बसवायचा, नाहीतर सांडपाणी त्यात चढतं. पण एक गोष्ट नीट ऐका, हा व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. टाकीत पाणी जातं तेव्हा तेवढी हवा बाहेर पडायला पाहिजे, म्हणून टाकीचा स्वतःचा व्हेंट पाइप छताच्या वर मोकळाच हवा, त्याच्या तोंडावर असला व्हॉल्व्ह लावून चालत नाही. छपराला भोक पाडायला नको म्हणून काहीजण तसं करतात, मग टाकीतला दाब मिळेल त्या फटीतनं आत येतो.

खरेदीला जाताना पाइपचा तुकडा बरोबर घेऊन जा. हेपवो 32 आणि 40 मिलिमीटर अशा मापात येतो, पण ते ब्रिटिश पाइपचं माप, आपल्या पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास तेवढाच असेल असं नाही, त्यामुळं नुसत्या आकड्यावर ऑनलाइन मागवू नका, बाहेरचा व्यास मोजा आणि लागला तर ॲडॉप्टर घ्या. आणि सुताराला आधीच सांगा की सिंकखालच्या फळीला उघडता येणारं झाकण ठेव, हात आणि पाना आत जाईल एवढं मोठं.