पाचाची कळ आणि चाळीस मिलिसेकंद

मार्केट यार्डात मामांचे गुळाचे अडत दुकान आहे. गेल्या हंगामात तिथल्या एका पट्टीवर क्विंटलचा दर ४१५० ऐवजी ४१५५० असा छापून आला. शेतकऱ्याने ती पट्टी हसत परत केली. मामांना मात्र हसू आले नाही, कारण आठवड्यातली ही तिसरी चूक होती आणि तिन्ही वेळा दोनदा उमटलेला आकडा पाचच होता. दुकानातल्या संगणकावर उबंटू ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली मीच घालून दिली असल्याने दोषही माझ्याच पदरात आला. "साडेतीनशेचा नवा कीबोर्ड घे की रं, कशाला त्याच्या मागं लागलाईस?" असे मामा म्हणाले. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. परंतु दोष कळीचा आहे, संगणकातल्या एखाद्या सेटिंगचा आहे की मामांचे बोट कळीवर जास्त वेळ रेंगाळते याचा आहे, हे ठरल्याशिवाय पैसे घालण्यात मला अर्थ दिसेना.

लिनक्समध्ये हे ठरवण्यासाठी ईव्हीटेस्ट नावाचे एक छोटे साधन आहे. कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर दिसेपर्यंत मध्ये बरेच टप्पे असतात. त्यांपैकी पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) कीबोर्डकडून नेमके काय मिळाले, ते हे साधन ओळीओळीने दाखवते. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ते चालवले की जोडलेल्या उपकरणांची यादी येते. एकच यूएसबी कीबोर्ड या यादीत दोन-तीन नावांनी हजर असतो, कारण आवाज कमी-जास्त करण्याच्या किंवा संगणक बंद करण्याच्या कळा तो वेगळे उपकरण म्हणून सांगतो. त्यामुळे पहिल्या नावावर काहीच उमटले नाही म्हणून घाबरू नये, पुढचे निवडावे. शिवाय या उपकरणांचे क्रमांक वायर काढून पुन्हा जोडल्यावर बदलू शकतात, म्हणून कालचा क्रमांक आज वहीतून उतरवून घेऊ नये.

प्रत्येक ओळीत वेळ, घटनेचा प्रकार, कळीचा क्रमांक आणि एक मूल्य असते. कळ दाबली की मूल्य १, सोडली की ०, आणि दाबून धरल्यामुळे आपोआप पुनरावृत्ती सुरू झाली की २. मामांचे बोट रेंगाळत असते, तर १ नंतर २ दिसायला हवा होता. आकड्यांच्या पॅडवरील पाचाच्या कळीचा कर्नलमधला क्रमांक ७६ आहे. (हीच कळ एक्सईव्ही या दुसऱ्या तपासणी साधनात ८४ म्हणून दिसते, तिथे सगळे क्रमांक आठाने वाढलेले असतात. हे ठाऊक नसल्याने मी एकदा अर्धा तास वाया घालवला आहे.) मी मामांना पाच एकदाच दाबायला सांगितले. ओळी आल्या त्या अशा: ७६ ला १, मग ०, पुन्हा १, पुन्हा ०. पहिले सुटणे आणि दुसरे दाबणे यांत अंतर होते ९ मिलिसेकंदांचे. इतक्या वेळात माणसाचे बोट उचलून पुन्हा टेकत नाही. म्हणजे बोट निर्दोष होते, सेटिंगही निर्दोष होते. कळीखालचा संपर्कच जुळताना थरथरत होता. तिथे बसलेली गुळाची बारीक पूड पाहता नवल वाटले नाही.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. ईव्हीटेस्ट चालू असताना दुसऱ्या खिडकीत मी पासवर्ड टाकला, आणि नंतर टर्मिनलकडे पाहिले तर त्यातले प्रत्येक अक्षर तिथे ओळीने मांडलेले होते. ही घटनांची फाईल वाचण्याची परवानगी ज्याला मिळते, त्याला त्या संगणकावर टंकलेले सर्व काही वाचता येते. म्हणून सुडो टाळण्यासाठी ती परवानगी असलेल्या इनपुट गटात स्वतःला कायमचे घालून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. तसेच ईव्हीटेस्टचा ग्रॅब हा पर्याय जपून वापरावा. त्याने कीबोर्ड इतर सर्व प्रोग्रॅमपासून तोडला जातो आणि कंट्रोल-सीसुद्धा टर्मिनलपर्यंत पोहोचत नाही. मला शेवटी माउसने खिडकी बंद करावी लागली.

दोष कळल्यावर तात्पुरता उपाय सोपा वाटला. ग्नोममध्ये, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपमध्ये, बाउन्स कीज नावाची सोय आहे: कळ सोडल्यानंतर ठरावीक वेळेत तीच कळ पुन्हा दाबली गेली, तर ते दाबणे सोडून द्यायचे. जीसेटिंग्ज या सेटिंग बदलण्याच्या आज्ञेच्या एका ओळीने ती चालू होते आणि दुसऱ्या ओळीने तिची मुदत ठरते. मी फक्त पहिली ओळ दिली आणि निघालो. संध्याकाळी मामांचा फोन आला, की आता ४१०० लिहिले की ४१० उमटते. या सोयीची मूळ मुदत ३०० मिलिसेकंदांची असते, आणि ज्या माणसाने तीस वर्षे हिशेब केला आहे त्याची दोन शून्ये त्याहून कितीतरी लवकर पडतात. जादा आकडा शेतकरी हसत परत करतो. गाळलेला आकडा तो इतक्या आनंदाने परत करील असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ईव्हीटेस्ट लावले आणि मामांना जुन्या वहीतले दर नेहमीच्या वेगाने टंकायला सांगितले. कळ सुटल्यापासून तीच कळ पुन्हा दाबली जाईपर्यंतचे त्यांचे सर्वांत कमी अंतर ८४ मिलिसेकंद भरले. पाचाच्या कळीची थरथर मात्र १४ च्या पुढे कधी गेली नाही. या दोहोंच्या मधली ४० ही मुदत मी ठेवली. ३०० ऐवजी ४० लिहिण्याचे काम काही सेकंदांचे. ४० का, हे कळायला सकाळचे दोन सौदे होऊन गेले.

माउसविषयी थोडक्यात सांगतो. अनेक लेखांत एक्सइनपुट ही आज्ञा वापरून वेग आणि बटणे बदलायला सांगितलेले असते, पण वेलँडच्या (पडदा आणि कीबोर्ड-माउस हाताळणाऱ्या नव्या व्यवस्थेच्या) सत्रात ती आज्ञा एक्सवेलँडची (जुन्या एक्स व्यवस्थेचे प्रोग्रॅम तिथे चालवणाऱ्या दुव्याची) आभासी उपकरणेच दाखवते आणि तिथे काहीही बदलले तरी खऱ्या माउसवर परिणाम होत नाही. अशा वेळी पाहण्यासाठी लिबइनपुट या साधनाची डीबग-इव्हेंट्स ही आज्ञा आणि बदलण्यासाठी त्या डेस्कटॉपचे स्वतःचे सेटिंग, एवढाच मार्ग उरतो.

रविवारी यार्ड बंद असताना पाचाची टोपी उचकटून खालचा भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला. मग ईव्हीटेस्ट लावून ती कळ शंभर वेळा दाबली. एकदाही जोडओळ आली नाही. शेजारची सहाची कळ सहज म्हणून तपासली, तर तिने वीस दाबण्यांत दोनदा थरथर दाखवली. त्यामुळे ४० ची मुदत मी तशीच राहू दिली आहे, आणि मामांनी गुळाचा खडा हातात घेऊन कीबोर्डजवळ बसणे काही सोडलेले नाही.