कुलंट नेमकं कुठून गळतंय? जुन्या गाडीचा माझा अनुभव

जुन्या गाडीत कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, अचानक गळायला लागलं की बहुतेक वेळा आधी रेडिएटर बदलला जातो, मग होज पाइप, आणि खरी जागा सगळ्यात शेवटी सापडते. माझी १५ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापली, तेव्हा मी ठरवलं की गळतीची जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही पार्ट घ्यायचा नाही.

तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला की एसी बंद करायचा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. हीटरमध्येही छोटा रेडिएटर असतो, तो थोडी उष्णता ओढून घेतो. काटा तरीही लालकडे निघाला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असल्यामुळे कुलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते उसळून हातातोंडावर येतं. वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, आणि मुंबईच्या उकाड्यात त्याला तासभर सहज जातो.

इथल्या दमट हवेत एसीचंही पाणी धो धो गळतं, म्हणून तो संशय आधी मिटवला. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवला, त्यावर हिरवट डाग पडले, बोटाला बुळबुळीत लागले, गोडसर वासही होता. म्हणजे कुलंटच.

बॉनेट उघडल्यावर सगळ्यात ओली जागा होती खालच्या होज पाइपच्या क्लिपची. थेंबही तिथेच जमत होता. पण बॉनेटच्या आतल्या बाजूला बारीक हिरवट ठिपक्यांची एक सरळ रेघ उमटली होती, अगदी फॅन बेल्टच्या वर, बेल्टच्याच रेषेत. हाच खरा धागा. कुलंट बेल्टवर पडत होतं आणि फिरता बेल्ट ते चहूकडे उडवत होता. क्लिप फक्त ओघळ झेलत होती.

आता प्रेशर टेस्ट, म्हणजे कुलंटच्या नळ्यांमध्ये पंपाने दाब भरून गळती शोधायची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या पट्ट्यात चौकशी केली की हातपंपाचा टेस्टर असलेलं गॅरेज सापडतं. इंजिन गार हवं. सगळा भाग धुऊन कोरडा पुसायचा, रेडिएटर काठोकाठ भरायचा, झाकणाच्या जागी टेस्टर बसवायचा. दाब झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच द्यायचा. माझ्या झाकणावर ०.९ होतं, म्हणजे ०.९ बार. त्यापुढे पंप मारला तर म्हातारा रेडिएटर प्लास्टिकच्या टाकीच्या सांध्यात फुटतो, आणि नसलेली गळती आपणच तयार करतो. टेस्टरचा काटा हळूहळू उतरू लागला. टॉर्च आणि छोटा आरसा पुलीच्या मागे धरला, तेव्हा वॉटर पंपाच्या (कुलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) पोटातल्या बारीक भोकातून थेंब फुगताना दिसला. भोकाखाली पांढरट-हिरवा कडक थर होता. म्हणजे थोडं झिरपणं आधीपासून सुरू होतं, सील आत्ता पूर्ण गेलं.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील गेलं की कुलंट बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून. ते एम-सीलने बुजवलं तर बेअरिंग गंजून पंपच जाम होतो. हळद किंवा लीक-स्टॉप पावडर टाकण्याच्याही मी पूर्ण विरोधात आहे. सील जुळत नाही, पण रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात.

पंप मागवण्याआधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, तपासलं. डिपस्टिकवर (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल नाही, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर नाही, आणि टेस्टर लावून गार इंजिन सुरू केल्यावर काटा एकदम उसळला नाही. तो उसळला असता तर सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये घुसतोय असं समजायचं, आणि मग नुसता पंप बदलणं वाया.

माझ्या गाडीत पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, त्यामुळे काम सोपं. टायमिंग बेल्टवरचा (इंजिनच्या आतल्या भागांची वेळ जुळवणाऱ्या बेल्टवरचा) पंप असेल तर तो बेल्टही सोबतच बदलावा, कारण मजुरी तीच. जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे. लोखंडी स्क्रॅपरने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि नवं गॅस्केटही पाझरतं. बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आवळायचे. कुलंटने भिजलेला बेल्ट मी पुन्हा चढवला नाही. नवा बेल्ट फार ताणायचा नाही, नाहीतर नव्या पंपाचं बेअरिंग लवकर जातं.

काढलेलं कुलंट गटारात किंवा सोसायटीच्या आवारात अजिबात ओतू नका. ते विषारी आहे, गोड चवीमुळे कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत द्यावं, पण वेगळं ठेवून.

भरताना कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. रेडी-मिक्स असेल तर पाणी नको. नळाचं पाणी घातलं की क्षार साचतात आणि गंज धरतो, त्याचेच कण पंपाचं सील घासतात. रंग जुळला म्हणून प्रकार जुळतो असं नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर शोधावं. मग हीटर गरमवर, झाकण उघडं, गार इंजिन आयडलवर सुरू. वरचा होज पाइप मधूनमधून दाबायचा, बुडबुडे थांबले की काठोकाठ भरून झाकण लावायचं. फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं. पुढचे काही दिवस सकाळी गार इंजिनवर कुलंटच्या टाकीतली पातळी बघायची. एकदा थोडी उतरली तर अडकलेली हवा निघाली असं समजून भरायचं. रोज उतरत राहिली तर टेस्टर पुन्हा लावायचा.