वाइल्डरचा उजवा हात झाकून ठेवला तर काय उरतं?

अमेरिकन बॉक्सर डिऑन्टे वाइल्डरचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर मिळतं: उजव्यात वीज आहे, बाकी शून्य. बाकी खरंच शून्य असेल तर गडी पाच वर्षं डब्ल्यूबीसीचा (वर्ल्ड बॉक्सिंग काउन्सिल) हेवीवेट विजेता राहिला कसा? म्हणून त्याच्या लढती नीट बसून बघायच्या ठरवल्या.

हायलाइट्स आधी बाद केल्या. त्यांत नॉकआउट तेवढे असतात. बॉक्सरचं तंत्र कळतं ते काहीच घडत नाही अशा फेऱ्यांत. आवाजही बंद केला, कारण समालोचक ओरडला की हुकलेला ठोसासुद्धा बसल्यासारखा वाटतो. मग तीच फेरी पुन्हा पुन्हा: एकदा फक्त पाय, एकदा फक्त डावा हात, एकदा ठोसा मारून झाल्यावरचा क्षण. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

पायांनी लगेच चुगली केली. उजवा फेकताना वाइल्डर अख्खा पुढे झेपावतो, मागचा पाय ओढला जाऊन पुढच्याच्या बरोबरीला येतो आणि छाती समोर उघडी पडते. ठोसा हुकला की तोल सावरेपर्यंत तो कुणाचाही. दबाव आला की सरळ रेषेत मागे जातो, बाजूला सरकत नाही. पाठीला दोर लागल्यावरच थांबतो.

डाव्या हाताने मात्र मत बदलायला लावलं. 23 नोव्हेंबर 2019ची लुईस ऑर्टिझविरुद्धची लढत बघा. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर ऑर्टिझ पुढे होता. वाइल्डर हरतोय असंच वाटतं, पण डाव्यावर नजर ठेवली तर तो सारखा पुढे तरंगताना दिसतो. मारायला कमी, अंतर मोजायला आणि ऑर्टिझची नजर अडवायला जास्त. ऑर्टिझ डावखुरा, म्हणजे त्याच्यावर सरळ उजव्याला वाट मोकळी. सातव्या फेरीत माप जुळलं आणि एका ठोशात खेळ खलास. याला नशीब म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो.

ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीने हेच माप मोडलं. 2018च्या बरोबरीत सुटलेल्या लढतीत तो बराच वेळ लांब राहून चकवत होता. 22 फेब्रुवारी 2020ला थेट अंगावर आला. 124 किलोंचा माणूस 105 किलोंच्या माणसावर रेलू लागला की लांबून मारायचा उजवा फेकायला जागाच उरत नाही. जवळून लढणं, क्लिंचमधून, म्हणजे एकमेकांना मिठी मारून धरलेल्या अवस्थेतून, सुटणं यात वाइल्डर कच्चा. तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत तो पडला, सातव्यात त्याच्याच कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे हार मान्य झाली. नंतर त्याने रिंगमध्ये येतानाच्या जड पोशाखाला दोष दिला. असेलही, पण अंतर हातातून गेलं होतं ते पोशाखामुळे नव्हे.

तिसरी लढत, ऑक्टोबर 2021, मला सगळ्यांत बोलकी वाटते. पहिल्या फेरीत वाइल्डर चक्क पोटावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारतोय! फ्युरीचे हात खाली यावेत म्हणून केलेली ती नेमकी दुरुस्ती होती. चौथ्या फेरीत त्याने फ्युरीला दोनदा पाडलंही. पण जॅब तोवर विरळ झाला होता, पाय जड पडले होते आणि अकराव्यात सगळं संपलं. वाइल्डर विशीत पहिल्यांदा बॉक्सिंगकडे वळला आणि 2008ला ऑलिंपिक कांस्य घेऊन आला. माझ्या मते जोर आणि अंतराची जाण त्याला तेवढ्यात पुरली, पण दमल्यावरही जागेवर राहणारे पाय त्याला कधीच मिळाले नाहीत.